दोन रजया

हाडवैरी शेवटी प्रेमात पडतात, ते मला चालतं,
पण वैर खरं हवं.
एकाने दुसऱ्याचं जहाज खरोखर बुडवलेलं हवं.
नुसत्या तिरकस बोलण्याला मी वैर म्हणत नाही;
तसं म्हटलं तर अर्धं सुओमुसाल्मी माझ्या प्रेमात आहे.

जन्मखुणा जुळल्या म्हणून जुळलेली मनं नकोत.
मनगटावर आधीच नाव कोरून आलं असेल
तर चारशे पानं हाल कशाला?
स्मृतिभ्रंश तर मुळीच नको.
माझी आई सात वर्षं मला "बाई, आपण कोण" विचारायची.
कपाळावर ओठ टेकून पाहिले मी. रोज.

लग्नाचं नाटक करता करता लग्नच होऊन बसणं
मला आवडतं, कबूल करते,
विशेषतः खोट्या संसारासाठी
दोघं खऱ्या पडद्यांच्या रंगावरून भांडतात तेव्हा.

मी आउने. अठ्ठावन्न. फिरत्या वाचनालयावर असते:
निळी बस, तीन हजार पुस्तकं, आठवड्याला चारशे किलोमीटर.
रात्री फॅनफिक्शन लिहिते.
जुन्या एका मालिकेतला अंतराळयानाचा चालक
आणि त्याच यानावरची डॉक्टर,
ज्यांना मालिकावाल्यांनी तेरा भागांत
एकदाही एका खोलीत एकटं सोडलं नाही.
त्यांची ही चूक मी एकोणीस वर्षं दुरुस्त करते आहे.

भाची साइला सगळं वाचते. म्हणते, मावशी,
एकदा तरी ते लिही ना,
वादळ, सराई, एकच खोली, एकच पलंग!
मी म्हणते, आपल्याकडे ते जमायचं नाही, पोरी.
आपण एका पलंगावर दोन रजया घालतो.
नवराबायको जन्मभर आपापल्या पाकिटात निजतात,
तिकीट लावून
पेटीत टाकायची राहिलेल्या पत्रांसारखी.
माझं लग्न तसं अकरा वर्षं चाललं.
पलंग एकच होता.

आणि मग या फेब्रुवारीत, युन्तुसरान्ताच्या अलीकडे,
उणे एकतीस, रस्ता दिसेना.
चौदा वर्षं माझ्या डावीकडे बसून बस चालवणारा एइनो
म्हणाला, "थांबू."
त्या दिवसातलं त्याचं ते तिसरं वाक्य.
पाहुणेघराच्या बाईने एकच किल्ली पुढे सरकवली,
ओशाळून म्हणाली, बाकीच्या खोल्यांचे नळ गोठलेत.
मला हसू आवरेना.
एइनोला काय सांगणार?

पलंग एक. रजया दोन, अर्थातच.
त्याने मोजे शेगडीपाशी वाळत घातले, माझेही,
जोड्या न चुकवता.
मग पुन्हा टोपी चढवली. इंजिन गोठेल, म्हणाला.
दर दोन तासांनी उठून
तो बस तापवून येत राहिला.
पुस्तकं फार गारठली की कण्याचा डिंक तडकतो
हे मी त्याला कधीतरी सांगितलं होतं म्हणे,
पहिल्या हिवाळ्यात.
मला आठवतही नव्हतं.

चार वेळा गेला, चार वेळा आला.
दर वेळी दार इतकं हलकेच लावायचा
की आपण जागे आहोत हे त्याला कळू नये म्हणून
मला श्वास सांभाळावा लागे.

तर साइला, मला काय आवडतं म्हणशील
तर ओलं बर्च.
आधी नुसतं फुसफुसतं, डोळ्यांत धूर घालतं,
आपण नाद सोडून कॉफीचा कप उचलतो,
आणि पाठीला केव्हातरी ऊब लागते.

नव्या प्रकरणात मी वादळ घातलं. पलंगही घातला, एकच.
चालक चार वेळा यंत्रघरात जाऊन येतो.
डॉक्टर भिंतीकडे तोंड करून मोजत राहते.
साइला चिडली आहे. चुंबन कुठाय, म्हणते.

सोमवारी पहिल्या वळणावर, नजर रस्त्यावरच ठेवून,
एइनोने विचारलं, "त्या रात्री किल्ली बघून हसलात का?"
सांगेन, म्हटलं.
अजून नऊ थांबे होते,
आणि तिसऱ्या थांब्यावर म्हातारी हिल्या वाट पाहत होती,
तिला प्रेमकथा लागतात, मोठ्या टाइपातल्या.